लाल चष्म्याच्या बाई

डॉक्टर अख्तरबानू कसबा पेठेतून लाल काचांचा चष्मा लावून चालायच्या. ऊन असो, ढग असो. कोपऱ्यावरचा शिंपी हटकायचाच.

"बाई, आज ऊन फार झालं का?"

"तुमचे टाके दिसू नयेत म्हणून लावते हो."

शेजारचा माधवही हसायचा. नुकताच बी.ए. झालेला. बाईंकडे चहाला जायचा, पण चष्म्याचं कधी विचारलं नव्हतं.

एका सकाळी त्याच्या धाकट्या बहिणीनं, सोजरनं, पैंजणाचा घुंगरू गिळला. तोंडातून लाळ गळू लागली. माधव तिला उचलून बाईंच्या एक्स-रेच्या खोलीत धावला.

"छातीत अडकला असेल तर मोठं इस्पितळ. पोटात उतरला असेल तर घर," बाई म्हणाल्या. दिवा घालवून त्यांनी चष्मा काढला. सोजरला यंत्राच्या काचेमागे उभं केलं; छातीचं अंधुक चित्र त्या काचेवरच उमटायचं. यंत्र घुमलं, सोजर किंचाळली. माधवला काहीच दिसेना. घाबरून त्यानं दाराचा काळा पडदा सर्रकन बाजूला ओढला. लख्ख ऊन आत आलं.

"झालं! आणलात सूर्य?" बाईंनी यंत्र बंद केलं. "ओढा तो पडदा. आता माझे डोळे पुन्हा तयार व्हायला हवेत."

"पण बाई, ती..."

"श्वास नीट चाललाय तिचा. बसा."

काळोखात सोजर त्याच्या मांडीवर हुंदके देत होती. बाई हळू बोलू लागल्या. डोळ्यात दंडपेशी असतात. त्यांना रंग कळत नाहीत, पण कणभर उजेड पुरतो. लख्ख उजेडात त्यांच्यातलं द्रव्य विरतं, अंधारात सावकाश पुन्हा भरतं. लाल उजेड त्यांना फारसा बाधत नाही.

"म्हणून तो चष्मा?"

"शिंप्याला सांगू नका. त्याचा थट्टेचा धंदा बसेल."

माधव हसणार, तोच थबकला. काळोखात काहीतरी फिकट हललं. बाईंचा हात. मग टेबलाची कड. मग सोजरचं कपाळ. कुणी दिवा लावला नव्हता.

यंत्र पुन्हा घुमलं. काचेवर धुकट उजेड पसरला. त्यात बरगड्या, आणि मध्ये धडधडणारी सावली. सोजरचं काळीज. माधव पुढे झुकला.

"घुंगरू कुठाय, बाई?"

"रोखून बघू नका. डोळ्याच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतात. जरा बाजूला बघा."

त्यानं नजर सरकवली. बरगड्यांच्या खाली एक काळा ठिपका उमटला.

"उतरला पोटात," बाई म्हणाल्या. "केळं द्या. घरी न्या."

सोजरला खांद्यावर घेऊन माधव दाराशी आला. बाहेर पेठेत ऊन रणरणत होतं. त्याला पडदा बाजूला करवेना.

"बाई," तो म्हणाला, "थोडं अजून बसू का?"