अष्टमीची पाहणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

आम्ही मुलुंडचे. आई मूळची मालवणची, म्हणजे घरात शिवल्या, खाडीच्या चिखलातल्या तिसऱ्या, हव्याच. त्या आणायची यमुनाबाय, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, तेव्हा नवी सून. दारात बसून आईशी दरावरून कडाकडा भांडायची आणि मग तिच्याच हातचा चहा प्यायची. शिवल्यांच्या सुक्याचा तो वास... किती बरे दिवस होते ते! पण बघा, मुद्दा आला की मी असा आठवणींत शिरतो. जुनी खोड.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. वॉर्डाची जैवविविधतेची नोंदवही करायचं निघालं, तेव्हा खाडीचा भाग मी हौसेनं मागून घेतला. पक्षी कुठले, झाडं कुठली, माणसं त्यावर कशी जगतात — सगळं लिहायचं होतं. मी गेलो अष्टमीला. भांगाचे दिवस, पाणी थोडंच ओसरतं, शिवल्यांचा चिखल उघडा पडत नाही, बायका उतरत नाहीत. यमुनाबाय हसली. "मास्तर, आवसेला ये रं. सकाली सहाला. सगल्या बाया दिसतील तुला."

येतो म्हणालो. गेलो का? नाही. आजारी नव्हतो, अडचण नव्हती — उठायचा कंटाळा आला. 'स्थानिकांचा वापर' या रकान्यात लिहिलं, 'आढळला नाही'. त्याच चिखलातलं खाऊन वाढलेला मी! डोळ्यांनी न पाहिलेलं लिहायचं नाही, हे शास्त्र तेव्हा बरं आठवलं.

पुढे खारफुटी वाचवायला कुंपण आलं. चांगलंच ना? पण बायकांच्या वाटेलाही कुलूप लागलं, कारण वहीप्रमाणे तिथे कुणी उतरतच नव्हतं. यमुनाबाय घरी आली. "तू लिवलं व्हतंस ना रं?"

"लिहिलं होतं तर!" मी म्हणालो.

हेच ते — जे इतकी वर्षं घशात अडकलंय. कंटाळा एकवेळ समजेल कुणाला. हे?

माझ्या भरवशावर ती त्या वाटेच्या सुनावणीत उभी राहिली. "आमच्या मास्तरनं लिवलंय." साहेबांनी वहीतलं पान उघडून वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. ती ठणकावून म्हणाली, "पान बदललंय तुमी!" लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत होतो. अक्षर माझं होतं. उठलो नाही.

वाट उघडली नाही. यमुनाबाय आता या वयात मार्केटातून मासळी उचलून स्टेशनजवळ विकायला बसते. मी दिसलो की शेजारणीला सांगते, हाच तो, आपल्यासाठी लिहिणारा — आणि माझ्या पिशवीत दोन बांगडे जास्तीचे टाकते.

मी ते घेतो.