टोपलीच्या तळचा दुधी

"तो विकाचा नाय."

आमच्या जिन्यात टोपली उतरवली की बाय आधी हे सांगून टाकायची. कारण आईचा हात नेमका टोपलीच्या तळाशी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या जिनसेकडे वळायचा. वर भेंडी असे, वालपापडी असे, अळूच्या जुड्या असत. त्यातलं काय हवं ते घ्या. फडक्यातलं मात्र मागायचं नाही. "तो आज कीर्तनवाल्या बुवाचा," असं म्हणून ती आईचा हात हलकेच बाजूला सारायची.

"बुवाला काय कळतंय दुधी कोवळा की जून? मला दे," आई म्हणायची.

बाय हसायची, पण द्यायची नाही.

तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही सगळे तिला बायच म्हणत होतो. बोरिवलीला तेव्हा स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की वाड्या लागायच्या. त्यातल्याच एका वाडीत, गावठाणातल्या ख्रिस्ती वस्तीत तिचं घर होतं. चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. सकाळी भाजी विकायची, दुपारी वाडीला पाणी लावायचं, आणि संध्याकाळी आमच्या मंडळाचा कार्यक्रम असला की टोपली घेऊन हजर.

मंडळ म्हणजे काय, तुमच्याही उपनगरात असेलच तसलं. शाळेचं मैदान, त्यावर दोन जाजमं, एक टेबल आणि हमखास शिट्टी मारणारा कर्णा. कार्यक्रम फुकट. आज कीर्तन, पुढच्या महिन्यात व्याख्यान, कधी भावगीतं, कधी जादूचे प्रयोग. कलाकारांना आम्ही नारळ आणि येण्याजाण्याचं भाडं देत असू, आणि बहुतेक जण तेवढ्यावर यायचे.

बाय जाजमाच्या अगदी शेवटच्या टोकाला, खांबाला टेकून बसायची. टोपली मांडीशी. बुवांनी पुराणातली गोष्ट सांगितली की पदराने डोळे पुसायची, आरतीला सगळे उभे राहिले की तीही उभी राहायची आणि गळ्यातला क्रूस मुठीत धरायची. आणि कार्यक्रम संपला की तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू व्हायचा. आवडलं असेल तर ती सरळ पुढे जायची, फडकं सोडायची आणि आतली भाजी कलाकाराच्या हातात ठेवायची. आवडलं नसेल तर टोपली डोक्यावर घेऊन घरी. मध्ये बोलणं नाही.

एकदा तिने बुवांना लाल भोपळा दिला. चिपळ्या एका हातात आणि तो धोंड्यासारखा भोपळा दुसऱ्या काखेत, अशा थाटात बुवा स्टेशनकडे निघाले, आणि मंडळाचे आम्ही तिघे जण त्यांच्यामागे हसू दाबत चाललो होतो. एका प्राध्यापकांनी नियोजनावर दीड तास व्याख्यान दिलं, तर त्यांना तिने दोन लिंबं दिली. प्राध्यापक फुलून गेले. मी नंतर तिला विचारलं, "बाय, तुला कळलं का गं ते सगळं?"

"नाय रं. घसा बसला व्हता बिचाऱ्याचा."

जादूगाराला मात्र तिने काही दिलं नाही. त्याने टोपीतून अंडी काढली, नळीतून हातभर फुलं काढली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाय म्हणाली, "त्याच्याकडं सगला हाय. हवेतनं काढतो तो. त्याला माझी भाजी कशाला?"

पहिल्यापहिल्यांदा काही कलाकारांना तो अपमान वाटायचा. एका तबलजींनी भेंडी घ्यायची नाकारली होती. पण हळूहळू गोष्ट पसरली. आमच्याकडे येऊन गेलेले लोक दुसऱ्यांना विचारायला लागले, "टोपलीतून काय मिळालं?" अध्यक्षांच्या नारळाविषयी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता कुमुदविषयी सांगायला हवं. कुमुद आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली, माझ्याच वयाची. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची आणि आठवड्यातून तीनदा एका गुरुजींकडे गाणं शिकायला जायची. पाडव्याला ती आमच्या मंडळात पहिल्यांदा गायली. मैदान ओळखीच्या लोकांनी भरलेलं. टाळ्या पुष्कळ पडल्या. बाय शेवटपर्यंत बसली, उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कुमुदच्या आईने तिला जिन्यातच गाठलं. "काय गं बाय, आमच्या पोरीचं गाणं आवडलं नाही वाटतं?"

"बरा गायली. पन ती सगला येल लोकांच्या तोंडाकडं बघत व्हती. गान्याकडं बघाचा ना."

कुमुद दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि आत गेली. मला वाटलं, रडत बसली असेल. पण संध्याकाळी तिचा तानपुरा ऐकू आला आणि त्यानंतर दोन वर्षं तो रोज ऐकू येत राहिला. दुसऱ्या पाडव्याला पुन्हा ती गायली, पुन्हा बाय तशीच उठून गेली. कुमुदची आई विचारायला निघाली तर कुमुदने तिला अडवलं. "आता तिला विचारायचं नाही. यायचं तेव्हा टोपलीतून येईल." मला म्हणाली, "हसू नकोस. गुरुजी प्रेमाने चांगलं म्हणतात, तुम्ही सगळे शेजारधर्म म्हणून म्हणता. ती एकटीच खरं सांगते."

मी हसलो नव्हतो. पण त्या वर्षी मी मंडळाचा चिटणीस झालो होतो आणि माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. कचेरीतून येताना मी शहरातले मोठे जलसे पाहत होतो. खुर्च्या, कनाती, दारावर बिल्ले लावलेले स्वयंसेवक. आपलं मंडळ असंच जाजमावर बसून म्हातारं होणार का, असं मला वाटायचं. फुकट असलं की लोकांना किंमत वाटत नाही, हे मी सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं. सभेला पटलं. तिसऱ्या पाडव्याला मैदानाभोवती कनात लागली, भाड्याच्या खुर्च्या आल्या आणि पहिल्यांदाच तिकीट लागलं, बारा आणे. गाणं कुमुदचं.

दारावरच्या टेबलाशी मी स्वतः बसलो होतो. इस्त्रीचा सदरा, छातीवर बिल्ला. रांग चांगली लागली होती. रांगेतून टोपली पुढे आली.

"बाय, तिकीट काढावं लागेल."

"कसला?"

"आता तिकीट लावलंय. बारा आणे."

तिने कनवटीला हात लावला. पैसे होते तिच्याकडे, एवढं मला नक्की आठवतं. पण तिने ते काढले नाहीत. "ऐकल्याबिगर कसं देऊ? नाय आवडला तर?"

"नाही आवडलं तरी द्यायचेच असतात."

"मंग आवडला का नाय, तिला कसं कलेल?"

मी चिडलो. मागचे लोक चुळबुळत होते, अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन दाराशी येत होते. "बाय, बाजूला हो जरा," मी म्हणालो. ती बाजूला झाली. तिला तसंच आत सोडलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं, हे मी आज विचारतो. तेव्हा मला नियम मोठा वाटत होता.

कुमुद त्या संध्याकाळी काय गायली, ते सांगण्याइतकं गाणं मला कळत नाही. एवढंच सांगतो की ती एकदाही आमच्या तोंडाकडे बघत नव्हती. मी दाराजवळ उभा होतो. कनातीचं कापड जमिनीपासून वीतभर वर होतं. त्या फटीतून मला बाहेर दोन पाय दिसले, मातीने भरलेले, आणि शेजारी टोपलीचं बूड. सगळं गाणं होईपर्यंत ते पाय जागचे हलले नाहीत. जाऊन बोलवावं असं एकदा मनात आलं. पण मागच्या रांगेत खुर्ची रिकामी नव्हती, मधूनच उठणं बरं दिसणार नव्हतं, अशी कारणं माणसाला सापडतात.

गाणं संपलं. लोक उठले. मी टेबलाशी आलो तर तिकिटांच्या पुस्तकाशेजारी ओलं फडकं होतं आणि फडक्यात दुधी. बाहेर पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

तो दुधी घेऊन मी पुढे निघालो. व्यासपीठावर कुमुदला पाहुण्यांच्या हस्ते पुष्पगुच्छ दिला जात होता आणि फोटो काढणारा सगळ्यांना जवळ उभं करत होता. कुमुद गुच्छाकडे पाहतच नव्हती. मान उंच करून ती मागे, जिथे एरवी जाजमाचं टोक आणि खांब असायचा, तिथे पाहत होती. खुर्च्यांशिवाय तिथे काही नव्हतं. मी तिच्यापासून वीस पावलांवर होतो, हातात दुधी घेऊन. अध्यक्ष, पाहुणे, फोटो. त्या सगळ्यांसमोर दुधी घेऊन व्यासपीठावर चढायची मला लाज वाटली. उद्या देऊ म्हटलं, आणि तो पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून परतलो तेव्हा आईने त्याची चणाडाळ घालून भाजी केली होती. "तुझ्या पिशवीत दुधी सापडला. कुठून रे आणलास?" तिने विचारलं. मी "मिळाला" म्हणालो आणि जेवलो.

तुम्ही म्हणाल, तरी कुमुदला सांगता आलं असतं. आलं असतं. जिना ओलांडायचा होता फक्त. पण दुधी सांगायचा तर दारावरचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. आठ दिवस गेले, मग महिना गेला, मग ते सांगणंच विचित्र वाटायला लागलं. बाय आमच्याकडे भाजी घेऊन येतच राहिली, आईशी पहिल्यासारखीच बोलायची. तिचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जायचो. मंडळाच्या कार्यक्रमाला मात्र ती पुन्हा आली नाही. आणि तिच्या टोपलीच्या तळाला आता फडकं नसतं, हे आईनेच एकदा सहज सांगितलं.

त्याच वर्षी कुमुदचं लग्न झालं आणि ती इंदूरला गेली. तीन-चार वर्षांनी वाड्या विकल्या गेल्या, तिथे इमारती आल्या. बाय गेल्याचं आम्हाला आठवडाभराने कळलं, तेही नव्या भाजीवाल्याकडून. एका रविवारी मी गावठाणात गेलो. चर्चमागच्या दफनभूमीत बरेच नवे क्रूस होते. नाव माहीत नसलेल्या माणसाचा क्रूस कसा शोधणार? मी परत आलो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कुमुद माहेरपणाला आली होती. मुलगी दहा वर्षांची झाली होती तिची. स्टेशनजवळच्या मंडईत आमची गाठ पडली. गाण्याचं विचारलं तर म्हणाली, "सुटलं. लग्नानंतर एक-दोनदा बसले, पण मनच लागेना." बोलता बोलता तिने एक दुधी उचलला, नख लावून पाहिलं आणि परत ठेवला.

"बाय आठवते रे?" ती म्हणाली. "शेवटच्या खेपेला मला वाटलं होतं, आज जमलं. खूप वाट पाहिली मी तिची त्या दिवशी. पण नाहीच आवडलं तिला."

तेव्हा मी सांगितलं. मंडईत, लोकांच्या धक्क्यात, सगळं सांगितलं. तिकीट, बारा आणे, कनातीखालचे पाय, टेबलावरचं फडकं. आईने केलेली भाजीसुद्धा.

कुमुदच्या मुलीने दोनदा हात ओढला तरी तिचं लक्ष नव्हतं. ती मला शिव्या देईल, निदान रडेल, असं मला वाटलं, आणि दोन्ही मला चाललं असतं.

"कसा होता?" तिने विचारलं.

"काय?"

"दुधी."

"कोवळा होता," मी म्हणालो. "खूप कोवळा होता."