निंबाचा पाला कडू लागला नाही तेव्हा

सुटीच्या दिवशी लोक सासरवाडीला जात, बाजाराला जात, नाहीतर क्वार्टरच्या ओट्यावर पत्ते कुटत बसत. मी साप पाहायला जायचो. साप, बेडूक, घोरपडी, कासवं, जे दिसेल ते. पकडायला नाही, मारायला तर नाहीच. नुसतं पाहायला. त्यात काय मिळते, असं लोक मला जन्मभर विचारत आले. मी म्हणतो, पत्ते कुटून काय मिळते?

जवाहरनगरच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मला कोणी काढलं नाही, मीच गेलो नाही. शनिवारी पाळी सुटली की बस धरून साकोली आणि तिथून पायी आमचं गाव, एकोडीच्या अलीकडे. रविवारी उजाडलं की बोरीची काठी घेऊन निघायचं. आधी तलावाची पाळ, मग बोडी, म्हणजे शेतातला लहान तलाव, मग धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांचे धुरे, म्हणजे मधले बांध. पाळीच्या दगडांवर घोरपड ऊन खात बसलेली असायची. मी जवळ गेलो की मान तेवढी वळवायची, हलायची नाही. मीही हलायचो नाही. आठवडाभर पत्र्याच्या शेडमध्ये मशीनच्या आवाजात उभं राहिल्यावर हे बरं वाटायचं.

सापांची ओळख मला गावाने दिली, बाकी माझ्या डोळ्यांनी. धामण वेगळी, परड, म्हणजे घोणस, वेगळी, नागाची चाल वेगळी. आणि बांधीच्या पाण्यात सगळ्यात जास्त दिसायचा तो ढोंड्या. विष नाही, पण भारी चिडका. पाय पडला तर कडकडून चावतो.

घरी थोरला भाऊ आणि वहिनी. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. मला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, मारलं, ते सगळं वहिनीने. माझ्या या फिरण्याचा तिला राग होता. निघालो की दारातून ऐकू यायचं, "जा, जा. एका दिवशी तुले डसलं मंग पायजो. मी रडनारच नाही."

तो रविवार रोवण्याचा होता. बाया बांधीत वाकून धानाची रोपं, पऱ्हे, रोवत होत्या, वहिनी त्यांच्यात होती. मी लांब बोडीच्या काठावर उकिडवा बसलो होतो. पाण्यात एका ढोंड्याने बेडूक धरला होता आणि बेडूक अंग फुगवून घशात जायला तयार नव्हता. तेवढ्यात धुऱ्यावरून एक रोवणारीण धावत आली.

"काय पाहून राहिला गा तिथी? तुह्या वहिनीले डसलं!"

मी कसा पोचलो ते मला आठवत नाही. वहिनी धुऱ्यावर पाय लांब करून बसली होती. भाऊ तिच्या पिंढरीवर लुगड्याची चिंधी आवळत होता. मी तिचा पाय धुतला. घोट्याजवळ बारीक ओरखड्यांची रांग होती आणि त्यातून रक्त येत होतं.

"ढोंड्या आहे," मी म्हणालो.

"कोनं पायला?" भाऊ म्हणाला.

पाहिला कोणीच नव्हता. एका बाईला पाणी हललेलं तेवढं दिसलं होतं.

"परड असती त दोन भोकं दिसली असती. मी सांगून राहिलो ना."

शेजारच्या बांधीतले म्हातारबा येऊन उभे होते. ते म्हणाले, "हा सांगते अन् तुम्ही आयकता? याले सापाईनं वकील ठेवला का?"

एकदोघी हसल्या. मला ते लागलं. आमच्याकडे जनावर डसलं की त्या माणसाला निंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही. कडू नाही लागला तर विष चढून राहिलं असं समजतात. मीही तेच मानत होतो, लहानपणापासून तेच पाहिलं होतं. म्हणून मीच जोरात म्हणालो, "आना पाला. आत्ता माहीत पडते."

पाला आला. वहिनीने मूठभर तोंडात घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"कडू लागते ना?" मी विचारलं.

ती चावत राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाई लागत."

"नीट चाव."

"नीटच चावून राहिली बाबू. माती चावल्यावानी लागते. काहीच नाही."

एका बाईने गळा काढला, तिच्यामागे दुसरीने. भावाने चिंधीला आणखी एक गाठ मारली. माझ्या कानात गरम हवा भरल्यासारखं झालं. ओरखडे तेच होते, रांग तीच होती, पण आता मला त्यात दोन टिंबं वेगळी दिसायला लागली. पुन्हा पाहिलं तर दिसेनात. पुन्हा पाहिलं तर दिसली.

"गाडी जुंपा," मी म्हणालो.

"काहून? तूच त म्हनला ढोंड्या आहे!"

"म्हनलो. आता जुंपा."

म्हातारबांचं म्हणणं पडलं की नाल्यापलीकडच्या मांत्रिकाला बोलवावं, साकोली लांब आहे. मी म्हणालो, मांत्रिक आला तर मी त्याला बोडीत बुडवीन. वडीलधाऱ्यासमोर असं बोलायला नको, पण बोललो. भाऊ माझ्यावर ओरडला आणि बैल आणायला धावला.

गाडी येईपर्यंत मी त्या बांधीत उतरलो. साप सापडला तर कळेल, एवढंच डोक्यात होतं. रोवलेले पऱ्हे तुडवत, काठीने पाणी ढवळत, खेकड्यांच्या बिळांपाशी वाकून मी शोधत होतो. धुऱ्याच्या कोपऱ्यात तो दिसला. हिरवट, अंगावर काळ्या चौकड्या, ढोंड्याच. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात माझ्या पायाजवळून दुसरा गेला. मग गवताच्या काडीपाशी तिसऱ्याचं डोकं दिसलं. बांधी त्यांनी भरलेलीच असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चावणारा यातलाच कशावरून, आणि चावून निघून गेलेला कोणी दुसरा नाही कशावरून? रविवारी ज्यांच्यासाठी मी कोसभर चालायचो ते पायाशी होते, आणि त्यांच्याकडून मला काहीच कळत नव्हतं.

गाडीत मी वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं. चिंधीच्या खालचा पाय सुजून निळसर झाला होता. विषाने की आवळल्याने, कोणाला विचारणार? तिच्या पापण्या खाली आल्या की मी हलवायचो.

"डोळे मिटू नको, वहिनी."

"अरे, ऊन डोयात जाऊन राहिलं."

"जाऊ दे. उघडे ठेव."

मी हातरुमाल तिच्या कपाळावर धरला. थोडं पुढे गेल्यावर तिने हळूच विचारलं, भावाला ऐकू जाऊ नये असं. "बाबू, खरं सांग. ढोंड्याच होता ना?"

"ढोंड्याच," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला.

साकोलीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाय साफ केला, चिंधी हळूहळू सैल केली, डोळे पाहिले, जीभ पाहिली. म्हणाले, संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, सूज वर चढली तर पाहू. म्हणजे पुन्हा वाट पाहणं. भाऊ व्हरांड्यात बसला. मी खाटेजवळ उभा राहून तिच्या पायाकडे पाहत होतो. इतका वेळ मी कोणत्या सापाकडेही पाहिलं नसेल.

ऊन कललं तेव्हा वहिनी उठून बसली आणि कमरेचा ओचा चाचपायला लागली.

"काय पाह्यजे?"

"माही डबी पडली वाटते गाडीत. पाह्य ना जरा."

"कायची डबी?"

"गुडाखूची, आनखी कायची."

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा. आमच्या बाया तो दातांना, हिरड्यांना घासतात. घासला की तोंड बधिर होतं.

"कवा घासली होती?"

"तवाच. धुऱ्यावर बसवलं न मले तवा. तुम्ही भांडून राहिले होते, मले भेव लागलं. घासली बोटभर. जास्तच झाली."

गावातली कोणती बाई गुडाखू घासत नाही? त्या धुऱ्यावरच्या बायांच्या ओच्यात एकेक डबी होती, आणि पाला चावायला लावताना एकीच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. त्या तोंडाला तेव्हा रॉकेलही कळलं नसतं.

हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. निंब खोटा ठरला म्हणजे माझं बोलणं खरं ठरलं, असं थोडंच होतं? मी डबी आणायला गेलो नाही. पायाकडे पाहत राहिलो. दिवेलागणीपर्यंत सूज उतरली. डॉक्टर आले, पाहून म्हणाले, "विषारी नव्हता. घेऊन जा."

"मी सकाळीच सांगतलं होतं," मी म्हणालो.

भावाने गाडीत कडबा सारखा केला. "सांगतलं होतं ना. मंग दिवसभर कापत काहून होता?"

मी वहिनीला धरून कडब्यावर बसवलं.

पुढच्या रविवारी बाया बांधीत उतरेनात. आधी मी धुऱ्याने फिरून यावं म्हणाल्या. म्हातारबाही म्हणाले, जा गा, तुले दिसते. मी गेलो. काठी आपटत, गवत झोडपत, दिसेल त्याला हाकलत. मग तेच माझं काम झालं. रोवणा संपला की निंदण, निंदणानंतर कापणी. पाळीवर घोरपड असायची, पण तिच्यापाशी थांबायला सवड नसायची. बाया खोळंबलेल्या असायच्या. घरी परतताना वाटायचं, कोपऱ्यातलं ते बीळ राहिलं. नाल्याकडचा धुरा नीट पाहिला नाही.

आणि बाकीचे सहा दिवस तर मी तिथे नसायचोच. ऐंशी सालानंतर वहिनीचे गुडघे दुखायला लागले, तरी ती बांधीत उतरणं सोडेना. एकदा श्रावणात कारखान्याच्या गेटवरून निरोप आला, तुमच्या गावचा माणूस आला आहे. मी हात न पुसताच गेलो. तो बिचारा मुलाच्या नोकरीचं विचारायला आला होता. मी त्याला बसाही म्हणालो नाही.

"वहिनी कुठं आहे?" मी विचारलं.

"बांधीत," तो म्हणाला. "या दिसात आनखी कुठं राहनार?"