डोझीची एल्स्पेट

एल्स्पेट काउईला खोटं बोलता येत नसे, आणि त्यापायी सत्तरी उलटल्यावर तिचं लग्न हातचं जायची वेळ आली होती.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बंदरात निम्मे लोक फ्लेट आडनावाचे आणि उरलेले काउई. पहिली नावंही तीच ती, म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव. एल्स्पेटचा विल्यम फ्लेट डोझी घरातला. दोघं दारात बसून जाळी विणायची आणि विणताना भांडायची, आणि त्यांचं भांडण ऐकल्याशिवाय मला शेजारच्या घरात जेवण गोड लागत नसे. मागच्या हिवाळ्यात तो गेला.

वसंतात विल्यमच्या भावाची मुलगी म्यूरिएल कॅनडाहून आली, फ्लेट घराण्याची वंशावळ काढायला. पोरगी गोड, पण कागद दाखवल्याशिवाय ऊन पडलंय हेसुद्धा मानायची नाही. एका दुपारी मी एल्स्पेटकडे चहाला बसले असताना ती नाचतच आत आली.

"सापडलं, काकू! विल्यम फ्लेट आणि एल्स्पेट काउई, एकोणीसशे एकतीस!"

एल्स्पेटनं चष्मा लावला. "हे आम्ही नव्हे गं. ही बोकी घरातली. ती एल्स्पेट तिरळी होती."

"मग तुमचं कुठं झालं?"

"झालंच नाही."

मी चहा गिळायची विसरले. अख्खं गाव समजत होतं की या दोघांनी इंग्लंडातल्या यार्मथला लग्न उरकलं. आमच्या पोरी दर शरदात तिकडे हेरिंग मासळी चिरायला जायच्या, पुष्कळांची लग्नं तिकडेच व्हायची.

"त्या वर्षी हेरिंग इतकी आली, मान वर करायला फुरसत नाही, लग्न राहूनच गेलं," एल्स्पेट म्हणाली. "परत आलो तर त्याच्या आईनं अंथरूण धरलेलं. तिचं करायला म्हणून मी या घरात शिरले. पुढं कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

म्यूरिएलनं वंशावळीच्या तक्त्यावर दोघांच्या मधली लग्नाची सलग रेघ खोडली आणि तुटक काढली. "पुरावा नाही ना, काकू."

तोंडानं काकू आणि कागदावर तुटक रेघ! मी तिला चांगली झाडणार होते, पण एल्स्पेट तक्त्याकडे बघतच राहिली होती.

"मग मी त्याची कोण गं?" तिनं मला विचारलं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला एल्गिनला वकिलाकडे नेलं. तो म्हणाला, आपल्या स्कॉटलंडच्या कायद्यात जुनी सोय आहे. लग्नाला मोकळी असलेली दोन माणसं नवराबायकोसारखी राहिली आणि लोकांनीही त्यांना तसंच मानलं, तर कोर्ट ते लग्न मान्य करतं. पण लोक तसं मानत होते, हे पटवून द्यावं लागेल.

म्हणून आम्ही म्हातारा बोटमालक जॉर्ज फ्लेट याला टाय घालून एडिनबरोला साक्ष द्यायला नेला.

"यांचं लग्न झालं नसेल, अशी शंका कधी आली?" कोर्टात त्याला विचारलं गेलं.

जॉर्ज भडकला. "साहेब, आम्ही हिला डोझी म्हणतो! घराचं नाव बायकोलाच मिळतं, ठेवलेलीला नाही. माझी बायको तर पलीकडच्या बंदरातली, तिला आमचं नाव मिळायला दोन हिवाळे गेले. तेही चर्चमध्ये लग्न लावून!"

न्यायाधीशसुद्धा हसले.

निकाल आमच्या बाजूनं लागला तेव्हा म्यूरिएल रडली, आणि तिनं शाईनं जाडजूड रेघ ओढली. एल्स्पेट मात्र निकालातल्या लग्नाच्या तारखेवर अडली.

"पस्तीसचा नोव्हेंबर? अगं, मी चौतीसच्या नोव्हेंबरात आले या घरात."

"लोकांची खात्री पटायला वेळ लागतो," मी म्हणाले, "म्हणून कोर्टानं पहिलं वर्ष सोडून दिलंय."

"म्हणजे ते वर्ष आम्ही बिनलग्नाचे?"

"कायद्यानं तसंच."

ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "विल्यमला सांगायला हवं होतं गं. आमचं सगळ्यात गोड वर्ष तेच."