रताळ्यासारखे दिसणारे कळलावीचे कंद

मंडळी, आज घरात थोडक्यात निभावलं.

आमच्या कर्जतच्या गच्चीतली कळलावी सुकली, म्हणून सकाळी तिचे रताळ्यासारखे दिसणारे कंद काढून ओट्यावर ठेवले आणि कुंड्या धुवायला गेले. अर्ध्या तासाने परत आले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओट्यावरची ती कणगरं उकडली मी. खाऊन बघ."

कणगरं म्हणजे उकडून खातात ते रताळ्यासारखे कंद; त्यांना तीच वाटली होती. "आई, तुम्ही खाल्लीत?"

"नाय गं, आता सोलतेय."

मी ताटली ओढूनच घेतली. त्यांचे हात साबणाने धुतले आणि तासभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

कळलावीची लाल-पिवळी फुलं फार देखणी, पण कंद जीव घेतो. मला हे माहीत होतं, घरात कधी बोललेच नव्हते.

तुमच्या बागेतलं विषारी झाड घरच्यांना माहीत आहे का?