सत्तावीस नंबरचं भूत

माझी मावशी भूत झाली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तेही दुपारी चार वाजता. झाली म्हणजे तिला करण्यात आलं. तिला स्वतःला ही बातमी आठवड्याने कळली.

ती एका हॉटेलात चादरी आणि अभ्रे शिवायला जाते. तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये प्लायवूडच्या भिंतीमागे तिची खोली आहे. खोली कसली, एक पायमशीन, एक खिडकी आणि फाटक्या कापडांचा ढीग. या हॉटेलच्या इमारतीत पूर्वी शर्टांचा कारखाना होता. चाळीस वर्षांपूर्वी याच मजल्याला आग लागली आणि अकरा बायका गेल्या. त्यातली एक माझी धाकटी मावशी. माझी आई थोरली, ही मधली आणि ती धाकटी. मधली त्या कारखान्यात शर्टांना काजं करायची, म्हणून गल्लीत तिचं नाव काजवाली पडलं ते आजतागायत.

हॉटेल धड चालेना तेव्हा मालकांच्या सुपीक डोक्यात भूत आलं. जागा जळकी होती, मेलेल्या बायका आयत्या होत्या. भुताची टूर काढली आणि काळा झगा घातलेला एक गाइड नेमला. भर उन्हाळ्यात तो घामाने निथळत लोकांना विचारायचा, "थंड झुळूक जाणवतेय ना?" लोकही पैसे भरून आलेले, त्यांना जाणवायची. एका दुपारी त्याची टोळी कॉरिडॉरमध्ये असताना प्लायवूडमागून मशीनचा खडखडाट आला. दोघीजणी किंचाळल्या, एका धिप्पाड गृहस्थाने बायकोचा हात घट्ट धरला. आत मावशी उशीचा अभ्रा शिवत होती.

मॅनेजर वस्ताद. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मावशीला एवढंच म्हणाला, "उद्यापासून मशीन फक्त चारच्या सुमाराला चालवायची. बाकी वेळ हातशिलाई करा."

"का हो?"

"लाइटचा जरा प्रॉब्लेम आहे."

पायाने चालणाऱ्या मशीनला लाइट कशाला लागते, हे तिने विचारलं नाही. जन्म नोकरीत गेलेला. साहेब वेड्यासारखं बोलला की मान डोलवायची, एवढं तिला पाठ होतं.

पण प्लायवूडमधून सगळं ऐकू येतं. आठवड्याने तिला उलगडा झाला आणि घरी येऊन ती जेवताना हसत सुटली. "अगं, मला भूत केलंय मेल्यांनी. आणि पगार शिवणकामाचाच."

दोन दिवसांनी मात्र तिचं हसू बंद झालं. भुताला नंबर मिळाला होता, सत्तावीस. कारखान्याने तेव्हा मेलेल्यांची यादी केली ती नावांनी नव्हे, बिल्ल्यांच्या नंबरांनी. आपल्या कामगार बायकांना नावं असतात हे मालकांना ठाऊक असावं, पण लिहायचा कंटाळा आला असेल. ती यादी फ्रेम करून हॉटेलने जिन्यात लावली आहे. गाइडने त्यातला सत्तावीस उचलला, कारण मागच्या दाराशी सापडल्याची नोंद तेवढी याच नंबरापुढे होती. मागच्या दाराशी तरुण मुलगी काय करत असणार? प्रियकराची वाट बघत असणार. झाली गोष्ट तयार. पहिल्या आठवड्यात प्रियकर कारकून होता, दुसऱ्यात मालकांचा मुलगा झाला. तिसऱ्यात त्याने तिला दगा दिला. बढती अशी भराभर हयात माणसांनाही मिळत नाही.

आता खरी गोष्ट. सत्तावीस नंबरचा बिल्ला माझ्या मधल्या मावशीचा. कारखान्यात एक दिवस खाडा झाला की मशीनवरची जागा दुसरीला जायची. म्हणून बायकांनी तोड काढली होती, तिला त्या 'जागा धरणं' म्हणत. घरातली कुणी बिल्ला लावून तुमच्या खुर्चीवर बसायची आणि शेजारच्या दोघी तुमचं काम वाटून घ्यायच्या. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. आगीच्या दिवशी मावशीच्या टाचेला नव्या चपलेने फोड आला होता, पाऊल टेकवत नव्हतं. धाकटी म्हणाली, "तू पड, मी धरते जागा." ती एकोणीस वर्षांची होती.

नंतर चौकशी झाली. आग कशी पसरली यापेक्षा साहेब हेच विचारत राहिले, दुसरीच्या बिल्ल्यावर कुणी बाहेरची आत आली होती का. मावशी घाबरून गप्प बसली. तेव्हापासून यादीत मावशी मेलेली आहे आणि धाकटी कुठेच नाही.

चौथ्या आठवड्यात एके दिवशी मावशी चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला मी हॉटेलात गेले. टोळी कॉरिडॉरमध्ये होती. गाइड रंगात आला होता. "दगा मिळाल्यावर सत्तावीस नंबरने सूड घ्यायचं ठरवलं. आग तिनेच लावली. दहा निष्पाप बायका तिने आपल्याबरोबर नेल्या."

मशीन वाजायची वेळ झाली. मशीन वाजली नाही. प्लायवूडचं दार उघडलं आणि खांद्यावर टेप टाकलेली माझी मावशी बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली.

"सत्तावीस नंबर माझा आहे," ती म्हणाली. "मी मेले नाही. माझ्या जागेवर माझी धाकटी बहीण बसली होती, ती मेली. तिने आग लावली नाही. तिला साधी सुई ओवता यायची नाही, ती माझी खुर्ची राखायला आली होती. आणि त्या दाराशी ती कुणाची वाट बघत नव्हती. दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका शर्ट चोरून नेतील म्हणून साहेब लावून ठेवायचे. अकराही जणी तिथेच होत्या."

गाइड हळूच म्हणाला, "मावशी, पण लोकांना थोडं प्रेमबीम लागतं हो."

"होतं ना प्रेम. माझा पाय दुखत होता म्हणून ती गेली."

मी रडत होते, लपवायचं काही कारण नाही. तेवढ्यात टोळीतला एक धिप्पाड माणूस कॉरिडॉरच्या टोकाला मागच्या दाराशी गेला. दार तेच, रंग नवा. त्याने दांडा दाबला, मग खांदा लावला. दार हललं नाही.

गलका ऐकून मॅनेजर वर आला होता. "ते बंद असतं," तो म्हणाला. "गेस्ट टॉवेल घेऊन मागच्या मागे पसार होतात. किल्ली आहे ना खाली काउंटरवर."

एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं. गाइडने झग्याची टोपी मागे केली आणि तोही त्या दाराकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत भुताच्या त्या टूरमधली माणसं त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर घाबरली.

मावशी लंगडत नव्हती, पण सावकाश चालत दारापर्यंत गेली आणि पाठ टेकून खाली बसली. "किल्ली आणा," ती मॅनेजरला म्हणाली. "तोवर मी इथून उठत नाही."