दोन लुगड्यांचं पान

दैवशालाताई येत्या महिन्यात ईट गावच्या अंगणवाडीतून निवृत्त होणार होत्या, म्हणून त्या लोखंडी पेटी आवरायला बसल्या. तुटकी खेळणी एकीकडं, चांगली दुसरीकडं, असं नीट चाललं होतं. तळाशी चादरीत गुंडाळलेलं कापडी पुस्तक हाताला लागलं आणि आवरणं तिथंच थांबलं.

वीसेक वर्षं तरी झाली असतील. तेव्हा अंगणवाडी देवळामागच्या एका खोलीत भरायची. वरच्या ऑफिसातून चित्रांचं एक पुस्तक आलं होतं. खुर्चीत पेपर वाचणारे बाबा, चहा आणणारी आई, एक मुलगा, एक मुलगी. पोरं ते चित्र टकमक बघायची. एक दिवस उत्कर्षनं विचारलं, "ताई, ह्यांची म्हस कुठं हाय?"

सगळी खोली हसली. धनगराचा बिराप्पा तेवढा हसला नाही. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, तो आज्ज्यापाशी राहायचा. "आन् आज्जा?" तो म्हणाला. "ह्यात आज्जाच न्हाय."

ताईंची आई जुन्या लुगड्यांच्या वाकळा, गोधड्या शिवायची. तो हात ताईंनाही होता. त्यांनी ठरवलं, पुस्तक आपणच शिवायचं. एका घराला एक पान, आणि माणसं कापडाची. "आपल्या आईच्या जुन्या लुगड्याची एक चिंधी आणा," त्यांनी पोरांना सांगितलं. बिराप्पानं आज्ज्याच्या घोंगडीचा कोपरा कापून आणला आणि आज्जा दोन दिवस गावभर शिव्या देत फिरला. बाकीच्यांच्या चिंध्याही आल्या. शिवांजलीची तेवढी आली नाही. "उद्या आणते," म्हणता म्हणता पोरगी यायचीच बंद झाली.

शिवांजलीच्या घरी दोन बायका होत्या. थोरली गजराबाई. तिला मूल नव्हतं, म्हणून तिनं स्वतः मुलगी बघून नवऱ्याचं, योगीराजचं, दुसरं लग्न लावलं. ती धाकटी म्हणजे सारजाबाई, शिवांजली तिच्या पोटची. पोरगी रांगत होती तेव्हाच योगीराज गेला. आता ह्या सवती चूल वेगळी मांडणार, असं सगळं गाव म्हणत होतं. चूल एकच राहिली. सारजाबाई रोजानं जायची आणि गजराबाई पोर सांभाळायची.

चिंधी द्यायला त्यांना संकोच वाटत असेल, असं धरून ताईंनी आपल्याच कापडांतून पान शिवलं. फेटेवाला बाप, एक आई, मधे पोरगी. आणि ते दाखवायला त्या स्वतः घरी गेल्या.

शिवांजलीनं पान मांडीवर घेतलं, बाईवर बोट ठेवलं. "ही कोण?"

"तुझी माय."

"कोणची?"

सुपातल्या ज्वारीवरची नजर न काढता गजराबाई म्हणाली, "सारजाच हाय ती. म्या तिला कवाच म्हनले, तुझ्या पातळाची चिंधी दे."

"आन् म्या काय म्हनले?" सारजाबाई चुलीपासून उठून आली. "जल्म म्या दिला, पर ताप आल्यावर उशाला कोण बसतंय? चिंधी आक्काच्याच लुगड्याची द्यायची."

"म्हंजी गावानं हसावं? वांझेनं पोर लाटलं म्हणावं?"

"गाव आपल्या चुलीत लाकडं घालाया येतंय का, आक्का?"

"तू लई शहाणी झालीस."

"तुमच्याच हाताखाली झाले."

शिवांजली दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. कुणाची चिंधी न्यावी, हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून ती अंगणवाडीतच येत नव्हती. ताईंच्या आता लक्षात आलं. "माझंच चुकलं, बाई," त्या म्हणाल्या. "म्या एकच मागितली. दोघींच्या द्या."

"पर दोघींना जागा कुठं हाय?" गजराबाईनं पान उलटसुलट केलं. "ह्यो गडीच केवढा मोठा घातलाय."

"बा तर फोटूत असतोय," शिवांजली म्हणाली. "त्याला भितीवर टांगा."

सारजाबाईला तोंडाला पदर लावावा लागला. हसू होतं की काय होतं, ते ताईंना कळलं नाही. गजराबाई आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती हिरवं लुगडं घेऊन बाहेर आली. नवरा गेल्यापासून ते तिनं अंगाला लावलं नव्हतं. काठासकट तुकडा फाडून तिनं ताईंच्या हातात दिला. सारजाबाईनंही आपल्या लाल पातळाचा तुकडा फाडून दिला. दुसऱ्या दिवशी शिवांजली सगळ्यांच्या आधी दारात हजर होती.

आता पेटीपुढं बसून ताईंनी पुस्तकाची चादर सोडली आणि तेच पान काढलं. हिरवी बाई, लाल बाई, दोघींच्या मधे पोरगी, आणि भिंतीवर बोटाएवढा बाप.

त्याच आठवड्यात शिवांजली माहेरी आली होती. पान सापडल्याचा निरोप धाडून ताईंनी तिला बोलावून घेतलं. गजराबाई गेल्या वर्षी वारली होती आणि रीतीप्रमाणं तिची कापडं वाटून टाकली होती. घरात तिच्या लुगड्याचा धागासुद्धा उरला नव्हता. शिवांजली हिरव्या कापडावरून बोट फिरवत राहिली. ताईंनी कात्री पुढं केली.

"हे पान तुझं. उसवून देते, ने."

तिनं कात्री घेतली, बराच वेळ हातात धरली, आणि खाली ठेवली. "मायला विचारून आले, ताई. ती म्हणाली, आक्काला बघून ये, आणू नको. घरात आणलं तर पेटीत पडंल, तिथं पोरांच्या हातात राहील."

"सारजाबाईंनी असं म्हटलं?"

"आणखी म्हणाली, माझा टाका निघाला असंल तर घालून घे. आक्काला एकटीला बसवू नको."

ताईंनी पान उजेडात धरलं. लाल बाईचा हात खरंच उसवून लोंबत होता. त्यांनी सुई काढली, पण नेढ्यात दोरा जाईना. शिवांजलीनं तो ओवून दिला. ताईंनी लाल हात पुन्हा पोरीच्या खांद्यावर टाचला आणि पुस्तक नव्या ताईंसाठी, पोरांचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवलं.